हिरवा शेरा

कोपनहेगनच्या त्या कचेरीत नियमच होता, औषधांवरचं प्रत्येक संशोधन दोघांनी एकमेकांना न दाखवता तपासायचं. भरवशाचं असेल तर हिरवा शेरा, निकाल झुकवलेला वाटला तर लाल. आज आस्गर आणि बिरगिटचे सगळे शेरे जुळले, एक सोडून.

आस्गरला हसू आवरेना. "अगं, तू तर स्वल्पविरामातही खोट काढतेस! इथे औषध घेणारे अकरा रुग्ण मध्येच गळाले, त्यांचं पुढे काय झालं याचा पत्ता नाही, आणि तू चक्क हिरवा दिलास?"

"आधी लालच दिला होता रे. मग वाटलं, हा शेरा माझा नाही, माझ्या रागाचा आहे. म्हणून खोडला."

"राग कसला?"

बिरगिटने कॉफीचा कप खाली ठेवला. "त्या अकरांत माझे बाबा होते."