पाणी चांगलं निघालं

"ही बाटली उद्या पहाटे भरायची." आरोग्यसेविका करुणानं ओट्यावर प्लास्टिकची बाटली ठेवली. "रात्रभर नळ उघडायचा नाही. सकाळी पहिलीच धार हिच्यात धरायची. नळात, पाइपात शिसं असेल तर ते रात्रभर थांबलेल्या पाण्यात उतरतं."

सुषमानं मान हलवली. तिचं लक्ष भिंतीला टेकून बसलेल्या समृद्धीकडं होतं. पोट दुखतं म्हणून पोरीला पुण्याला नेलं, तर रक्तात शिसं निघालं. ते आटोक्यात आलं नाही तर डोक्यावर परिणाम होईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

सासूबाईंनी, म्हणजे अनसाबाईंनी, माठातलं उरलेलं पाणी जास्वंदीला घातलं, ताजं भरलं आणि मगच करुणापुढं तांब्या ठेवला. निमोण्यासारख्या दुष्काळी गावात पाण्याचे हाल काढलेली बाई, थेंब वाया घालवायची नाही. पण पाहुण्यापुढं शिळं पाणी ठेवलेलं तिला खपायचं नाही.

"पोरीला उकळून देता ना, आजी?"

"व्हय तर. रोज उठल्या उठल्या मीच उकळती."

"चांगलं आहे. जंतू मरतात. शिसं मात्र उकळून जात नाही बरं का."

दुसऱ्या दिवशी सुषमा उठली तेव्हा बाटली भरून, पुसून देवापाशी ठेवलेली होती. हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी होतं.

पाणी चांगलं निघालं. शिसं जवळजवळ नाहीच.

मग सगळ्यांच्या नजरा हनुमंतकडं वळल्या. समृद्धीचा बाप रांजणगावला बॅटरीच्या कारखान्यात कामाला होता. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येऊ शकते, असं करुणाच म्हणाली. हनुमंतनं वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि रांजणगावात खोली घेतली. पोर गाडीमागं पळत गेली. थांबून तिला जवळ घ्यायचीही चोरी, म्हणून त्यानं गाडी दामटली.

सुषमानं घर धुऊन काढलं. त्याचं अंथरूण जाळलं. अनसाबाई लेकाच्या वाटेकडं डोळे लावून दारात बसायच्या.

दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासलं. आकडा वर गेला होता.

सुषमानं नवऱ्याला फोन लावला. "तुम्ही पोरीला भेटताय. शाळंत जाऊन."

"न्हाई गं. देवाची आन."

"मंग हे आलं कुठनं? पाणी तर चांगलं हाय. खोटं बोलू नका."

"रस्त्याच्या पल्याड उभा ऱ्हातो," हनुमंत म्हणाला. "लांबनं बघतो. गाडीवरनं उतरत बी न्हाई."

"ते बी बंद करा."

त्यानं तेही बंद केलं. नोकरी सोडली आणि थेट दौंड तालुक्यात, राहूला एका गुऱ्हाळावर कामाला लागला. आपलं वारंसुद्धा लेकीला लागू नये, एवढंच त्याच्या मनानं घेतलं होतं. सुषमाला त्याच्या आठवणीनं रडू यायचं, आणि रडताना त्याचाच राग यायचा.

समृद्धी पाढे विसरली. मग मैत्रिणींची नावं. बाबा कधी येणार हे मात्र रोज विचारायची.

करुणा पुन्हा आली, नवी बाटली घेऊन. "घरात धूळ नाही, बाप नाही, तरी आकडा वाढतोय," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "पाणी आणखी एकदा बघू. पहिली धार, आजी. मागच्यासारखीच."

"त्याची काळजीच नगं, बाई." अनसाबाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा उजळला. "तवा बी कसं निवळशंख पाणी दिलं हुतं! सायबाकडं जायचं, शिळं दिऊन घराची अब्रू घालवायची व्हय? रातचं समदं पाणी आदी काढून घेतलं, नळ चांगला व्हावू दिला, आन् मंगच बाटली भरली."

करुणाचा हात बाटलीवरच थांबला. "आणि ते रात्रीचं पाणी?"

"वाया कशाला घालवू? रोजच्यावानी उकळलं आन् समृद्धीच्या बाटलीत भरलं."