भाऊरावांचा जर्दाळू

भाऊराव फाटकातच थांबले. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. अंगणातल्या त्यांच्या लाडक्या जर्दाळूवर एक पान उरलं नव्हतं. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं उघडी टाकली होती, आणि आळं इतकं कोरडं पडलं होतं की त्याला भेगा गेल्या होत्या.

थोरल्या भावाच्या आजारपणात ते महिनाभर नाशिकला राहिले, तेवढ्यात हे घडलं. करणारं परकं कुणी नव्हतं. शकुबाईंनी, त्यांच्या बायकोनंच, एकेक फांदी धरून पानं ओरबाडली होती. शेजारच्या मालनबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सांगायला त्या कुंपणाशी उभ्याच होत्या.

मुलुंडच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्या बैठ्या वस्तीत ते झाड म्हणजे एक नवल होतं. अर्धा जर्दाळू आणि अर्धा आलुबुखार, असा संकर. कारखान्यातल्या हिमाचली दोस्तानं गावाहून रोप आणून दिलं होतं. मुंबईनं जर्दाळू पाहिलेला तो वाण्याच्या बरणीतला, सुरकुतलेला. त्यामुळे तुमचा जर्दाळू झाडावरच सुकून येणार का हो, असं लोक विचारत. भाऊराव ते हसण्यावारी नेत आणि पाणी घालत. सकाळी पाणी, कामावरून आल्यावर पाणी, उन्हाळ्यात वर गोणपाटाची सावली. शेणखत म्हणू नका, पेंड म्हणू नका. झाड झकास वाढलं. फूल मात्र सात वर्षांत एकदाही आलं नाही.

एकुलत्या एका लेकीला, नंदाला, त्यांनी असंच वाढवलं. ती नर्स झाली तरी तिच्या अंघोळीचं पाणी बाप तापवून देई. हिच्या नवऱ्याला आधी भाऊरावांच्या हाताखाली उमेदवारी करावी लागणार, अशी वस्तीत थट्टा चाले. आणि दिवाळीनंतर तिला सरकारी नेमणूक आली ती थेट सातपुड्यात, पाड्यावरच्या दवाखान्यात. एक फेब्रुवारीपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. भाऊरावांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. वीज नाही, नळ नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, तिथे पोरगी राहणार कशी? इथेच ओळखीच्या डॉक्टरांकडे ते तिला लावून देणार होते. नंदानं वाद घातला नाही. ती नुसती गप्प झाली, आणि भाऊरावांनी तो होकार धरला. आता चौऱ्याऐंशीचा जानेवारी लागला होता.

"मारलंस ना झाड?" भाऊराव बायकोला म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मालनबाई मुकाट्यानं आत गेल्या.

शकुबाई मूळच्या वरूडकडच्या. लहानपणी आईबरोबर त्यांनी दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत रोजानं काम केलेलं. भाऊरावांना हे लग्नापासून ठाऊक होतं. पण झाडाबद्दल बायकोला काही विचारावं, असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"मारलं नाही, ताण दिलाय," शकुबाई म्हणाल्या. "आमच्याकडे बागेला देतात तसा. सुखात असलं की झाड नुसती पानं काढतं. तुम्ही त्याला फुलायची गरजच पडू दिली नाही."

भाऊरावांना यातलं काही पटलं नाही. ते बादली भरून निघाले, तर शकुबाई आळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या नवऱ्याच्या वाटेत अशा आडव्या आल्या. अजून चार दिवस थांबा, मग मीच पाणी घालते, एवढंच त्यांनी सांगितलं. भाऊरावांनी बादली मोरीत ओतली आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

चार दिवसांनी शकुबाईंनी मुळं झाकली, खत घातलं आणि आळं तुडुंब भरलं. तरी काही होईना. भाऊराव रोज उठून त्या काटक्यांकडे पाहत आणि तोंड फिरवत. महिना सरत आला. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना शब्दही देऊन टाकला, पोरगी सोमवारपासून येईल म्हणून.

शनिवारी सकाळी ते तोंड धुवायला अंगणात आले आणि तांब्या हातातच राहिला. नागड्या फांदीवर, थेट लाकडातून, फुलं फुटली होती. पाच-सहाच असतील. पांढरी, आत गुलाबी झाक. एवढ्या वर्षांत आपण या झाडाचं काय काय केलं, आणि ते पोटात काय घेऊन उभं होतं याचा आपल्याला पत्ताच नव्हता, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. मालनबाई धावत आल्या, मग अख्खी वस्ती आली. जो तो झाडाचं कौतुक करत होता.

शकुबाई आत भाकऱ्या थापत होत्या, जणू रोजचीच सकाळ. भाऊराव दारात उभे राहून त्यांच्याकडे पाहत राहिले. या बाईला आपण कधी काही विचारलंच नाही, याची त्यांना लाज वाटली, आणि अभिमान त्याहून जास्त वाटला. मग ते वळले. नंदा अजून झाडापाशीच होती. ती फुलांना हात लावत नव्हती, नुसती पाहत होती.

भाऊराव तिच्याजवळ गेले.

"ठाण्याच्या एसटी स्टँडपर्यंतच येईन मी," ते म्हणाले. "पुढे तुझी तू जा."