मिठाशिवाय काही नाही

"ताडोबा नको, काझीरंगा नको," नकाशावर चहाचा कप ठेवत बायको म्हणाली. "जिथे एकही प्राणी दिसणार नाही, अशा ठिकाणी जाऊ या."

"वाइल्डलाइफ फोटोग्राफीला?"

"हो. आपल्या प्रत्येक सहलीच्या फोटोत गवा शार्प असतो आणि मी ब्लर. मला एक फोटो माझा हवाय."

मी जुने फोटो चाळले. बाई खरं बोलत होती. कान्हात तर ती बारशिंग्याची सावली वाटत होती.

म्हणून आम्ही कच्छचं पांढरं रण निवडलं. ड्रायव्हरने दिलगिरीच्या सुरात आधीच सांगून टाकलं, "साहेब, इथे मिठाशिवाय काही नाही." बायकोने खूश होऊन त्याला डब्यातला लाडू दिला.

मग तिने ओढणी वाऱ्यावर सोडली आणि शाळकरी पोरीसारखी गिरकी घेतली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर तिच्या खांद्यामागून कॅराकल चालत येत होतं. काळ्या, टोकदार कानांचं हे रानमांजर एकदा तरी दिसावं म्हणून आमच्या फोटोग्राफी क्लबातली निम्मी मंडळी म्हातारी झाली आहेत.

"अहो, मी येतेय ना नीट?"

पहिल्या क्लिकच्या आवाजाने ते पळणार, हे नक्की होतं. मी फोकस तिच्या हसण्यावर ठेवला.

आता तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. क्लबातले मित्र मागच्या तपकिरी डागावर बोट ठेवून विचारतात, "हे काय रे?"

"कुत्रं असेल," मी म्हणतो.

चहाचा ट्रे ठेवत बायको अभिमानाने सांगते, "बघितलंत? मनात आणलं तर यांना प्राणीही ब्लर करता येतो."