मेलेल्याला उठवायची रीत

“मेल्यावर पाय काहून हालवतं बे?” विंगेतून किसनराव दबक्या आवाजात म्हणाले.

सतरंजीवर शहीद होऊन पडलेल्या श्यामने पाय आवरला. डास चावत होता. समोर हिवरखेडचे लोक नेहमीसारखे बोलत नव्हते. सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून गावात मोबाइलवरच्या बातम्यांखेरीज दुसरा आवाज नव्हता. तरी किसनरावांनी नाटक पुढे ढकललं नाही.

पडदा पडला. आता श्यामने आपणहून उठायचं नव्हतं. या गावात नाटकात मेलेल्याला घरचं माणूस येऊन नावाने हाक मारतं, मगच तो उठतो. तालमीतही हे कोणी चुकवत नाही. एकदाच चुकलं होतं. ही भूमिका आधी गोपालची होती. गोपाल खराच जवान, सुट्टीवर आलेला. रंगीत तालमीत तो असाच पडलेला असताना सुट्टी रद्द झाल्याचा फोन आला. तो आपला आपणच उठला आणि तोंडावरचा रंग पुसत गाडीत बसला. त्यानंतर त्याचा फोन नाही.

श्यामची आई पार्वताबाई पडद्यामागे आली. सतरंजीजवळ आधीच कोणीतरी बसलं होतं. गोपालची आई दुर्गाबाई.

“पार्वता, आज मले उठवू दे,” ती म्हणाली. “मी त्या दिवशी वावरात होती. माहा गोपाल कोणी न उठवताच गेला.”

“वहिनी, हा श्याम हाय,” किसनराव म्हणाले.

“दिसते ना मले, भाऊजी. आंधळी नाही मी.”

श्यामने डोळे मिटूनच ठेवले. पार्वताबाईने पदर मुठीत घट्ट धरला. मग ती एक पाऊल मागे सरली.

“गोपाल,” दुर्गाबाईने हाक मारली. “ऊठ बाप्पा.”

श्याम हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली.

“ऊठ ना रे,” पार्वताबाई म्हणाली. “माय बलावून राह्यली.”

श्याम उठून बसला. दुर्गाबाईने त्याच्या गालावरचा लाल रंग पुसला. “भूक लागली असंन,” म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली.

किसनराव सतरंजी गुंडाळायला वाकले. “थांबा, श्यामच्या नावाची हाक राह्यली,” म्हणत पार्वताबाईने त्यांना थांबवलं. ती रिकाम्या सतरंजीपाशी खाली बसली.

“श्याम,” तिने हाक मारली, आणि वाट पाहत राहिली.