कोपरा फाटलेलं कार्ड

कार्डाचा कोपरा फाटलेला होता. पंचफुलेला अक्षर वाचता येत नव्हतं, पण एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. कोपरा फाडलेलं कार्ड मयताचंच असतं.

कार्ड उमरेडचं, तिच्या घरचं. पोस्टमननं गाव आणि तिचं नाव तेवढं सांगितलं आणि मान खाली घालून सायकलवर टांग टाकली. राखणदारीण भागीरथा तिच्यासारखीच अंगठेबहाद्दर. शिवाय सरकारी महिलागृहातली पत्रं अधीक्षक कुसुमताईंनीच वाचायची असा नियम, आणि ताई कोर्टाच्या कामानं सावनेरला गेलेल्या. येणार त्या थेट सोमवारी. भागीरथानं कार्ड कपाटात टाकून कुलूप लावलं.

म्हणजे घरात कोण गेलं हे कळायला आणखी तीन दिवस. बाबा तर धडधाकट गडी, दिवसभर हातमागावर बसणारा. मग मायच. खोकत खोकत सुताच्या कांड्या भरायची बिचारी. आपल्याच काळजीनं गेली असणार, दुसरं काय.

मिलमध्ये काम लावून देतो म्हणाला होता गल्लीतला रुपराव. मेल्यानं नागपूरला आणून विकलं. पोलिसांनी सोडवलं, रुपराव तुरुंगात गेला. मुलीचा काही दोष नाही, येऊन सही करा आणि घेऊन जा, असं ताईंनी बाबाला दोनदा कळवलं होतं. फाटकाकडे बघून बघून पंचफुलेचे डोळे शिणले होते. आता घरी जाऊन तरी कोणाच्या कुशीत शिरायचं?

तिनं सुतक धरलं. केसांना तेल लावलं नाही, सतरंजी सोडून नुसत्या फरशीवर निजली. बाकीच्या बायांना आपापलं दुःख पुरून उरलेलं. जवळ येऊन बसावं असं कोणाला सुचलं नाही. ती एकटी रडली आणि एकटीच गप्प झाली.

सोमवारी ताई आल्या. त्यांनी उभ्या उभ्याच कार्ड वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"सांगा ना जी, ताई. माय गेली ना?"

थाप मारावी असं ताईंच्या मनात येऊन गेलं. पण आज ना उद्या पोरीला कळणारच होतं. त्यांनी हळू आवाजात वाचून दाखवलं.

"आमची मुलगी पंचफुला मागच्या महिन्यात वारली. तिची तेरवीही झाली. धाकटीचं लग्न जुळलं आहे. सरकारनं यापुढे पत्र पाठवू नये. शालिकराम."

ताईंना वर बघवेना. पंचफुलेनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हणजे माय जिती हाये," ती म्हणाली.