डावीकडची सीट

“आबा, गाडी तुम्ही चालवत होता. एवढंच सांगायचं. पुढचं मी बघतो.”

विश्वजीत इतक्या हळू बोलला, की पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या राहीबाईलाही ऐकू गेलं नाही. तोंडाला बडीशेपेचा वास, आणि त्याखाली दारूचा. आकाराम लेकाकडं बघतच राहिला. गावातनं झालेला पहिला जज! दुपारीच गावानं त्याला फेटा बांधला होता. मटणाच्या जेवणानंतर साहेब मळ्यात दोस्तांबरोबर बसले आणि बापाला घेऊन घरी येताना वळणावर नाथाजीला उडवलं. राहीबाईचा नवरा तो. बिचारा रस्त्याच्या कडेनं शेरडं घेऊन चालला होता.

गावातल्याच धनपालनं आपल्या पिकअपमधनं त्याला कवठे महांकाळला आणलं. इथल्या डॉक्टरनं ॲम्ब्युलन्सनं मिरजेला धाडलं. सोबत एकालाच जागा होती, म्हणून नाथाजीला धरायला पिकअपचा ड्रायव्हरच गेला. धनपालला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून राहीबाई इथंच अडकली. नवरा जगतोय का मरतोय, तेही तिला कळत नव्हतं.

“आरं, पण मी तर...”

“तुमचं लायसन चालू आहे, मीच रिन्यू करून दिलंय. वयस्कर माणूस, दारू नाही, लगेच जामीन होईल. पिऊन गाडी चालवणाऱ्यांना मी स्वतः शिक्षा ठोठावतो आबा. माझ्यावरच गुन्हा नोंदवला तर खुर्ची जाईल.”

“म्या कवा गाडी चालवतो रं? समद्या गावाला ठावं हाय.”

“भीतीपोटी चालवत नसाल. पण ते कागदावर कुठं आहे?”

भीती! लडाखच्या बर्फातनं फौजेचे ट्रक हाकलेला गडी तो. स्टेअरिंग हातात आलं की बायकोसुद्धा आठवत नाही, असं बायकोच्या समोरच हसून सांगायचा. पण गेली कित्येक वर्षं त्यानं स्टेअरिंगला बोट लावलं नव्हतं. रानात ट्रॅक्टरही दुसऱ्याच्या हातानं चालवून घ्यायचा. म्हातारा भ्याला, असं गाव म्हणायचं. तोही हसून डावीकडं बसायचा. कारण कुणाला सांगितलं नव्हतं, लेकालाही नाही. आजसुद्धा तो नुसतं “हळू रं, हळू” म्हणत राहिला. सरक, मी चालवतो, हे दोनदा ओठावर आलं. दोन्ही वेळा गिळलं.

लेकासाठी तुरुंगात जायचं म्हटलं तर आकाराम एका पायावर तयार झाला असता. त्यानं मान हलवलीही असती. तेवढ्यात भाऊसो हवालदार बाहेर आला.

“तात्या, आत चला. तुमी चालवत व्हता म्हणून साहेबांनी मगाशीच जबाब दिलाय. तुमची सही तेवढी ऱ्हायलीय.”

मगाशीच? म्हणजे बापाला विचारायच्या आधीच बापाचं नाव देऊन मोकळा झाला होता. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता.

राहीबाई पदरानं डोळे पुसत उठली. “भावजी, तुमी चालवत व्हता? आवं, मग तक्रार बिक्रार काय न्हाई माजी. तुमी मुद्दाम करायचं न्हाई. देवमाणूस हायसा तुमी.”

विश्वजीतनं सुटकेचा श्वास सोडला. तेवढा श्वास आकारामनं ऐकला.

“लिवा भाऊसो. गाडी माज्या पोरानं चालवली. पिऊन चालवली. म्या डावीकडं बसलो व्हतो.”

भाऊसो गडबडला. “तात्या, साहेबांवर गुन्हा म्हंजे... वर इचारावं लागंल.”

“इचार की! कुणाला इचारायचं त्याला इचार. म्या काय सांगितलं ते तेवढं लिव. आन् डाक्टरला बोलीव, वास जायच्या आत.”

“आबा! माझी खुर्ची जाईल हो!” विश्वजीत ओरडला. कोर्टात समोर उभी राहणारी माणसं ओरडतात, तसाच.

आकारामनं लेकाकडं पाहिलं नाही. जबाब लिहून झाल्यावर सही केली. मग तो पायऱ्या उतरून पिकअपपाशी गेला आणि धनपालपुढं हात पसरला.

“चावी दे. राहीबाईला मिरजंला म्या नेतो.”

“तुमी?” धनपालचा विश्वास बसेना. “तात्या, तुमी तर गाडीला हात लावत न्हाई.”

“पोरगं जज व्हावं म्हणून पुन्यांदा स्टेअरिंगला हात लावणार न्हाई, असा बिरोबाला नवस बोललो व्हतो गड्या,” आकाराम म्हणाला. “आता जज कुठं ऱ्हायला? दे चावी.”