गाडी गेली

श्रीरंग टिळेकरांनी फोन लावला तेव्हा त्यांच्या हातात गाडी परत केल्याची शिक्क्याची पावती होती. चार वर्षं लीजवर वापरलेली गाडी त्यांनी कालच कंपनीला देऊन टाकली होती. "पावती हातात पडल्याशिवाय विमा बंद करायचा नाही," हा पत्नीचा, शालनताईंचा हुकूम त्यांनी इमानेइतबारे पाळला होता. आता आजचाच दिवस उरला होता, कारण उद्या विम्याचं आपोआप नूतनीकरण होणार होतं.

"नमस्कार. आमची गाडी गेली काल. विमा बंद करा."

"अरेरे," विमा कंपनीतली मुलगी हळहळली. "पोलिसात तक्रार दिलीत का काका?"

"पोलिसात कशाला? मी स्वतः किल्ली दिली त्यांच्या हातात."

"बरं केलंत. शेवटी जीव महत्त्वाचा." पलीकडे टायपिंगचा आवाज सुरू झाला. "चोरीची नोंद करून घेते हं."

टिळेकरांचा आवाज चढला. "अहो बाई, चोरीबिरी काही नाही. ती गाडी परत..."

"परत मिळाली? मग आधी सांगायचं ना काका." मुलीला मनापासून आनंद झाला. "विमा चालूच ठेवते. उद्याची वाट तरी कशाला, नूतनीकरण आत्ताच करून टाकते."

टिळेकरांनी तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता.

शालनताई चहा घेऊन आल्या. "झालं का हो विम्याचं काम?"

"झालं," मोबाइलवर आलेला संदेश वाचत टिळेकर म्हणाले. "आता फक्त एक गाडी घ्यायला हवी."